वाळूचं चित्र आणि मायची भिंत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)





समितीची मंडळी धुळ्याला आमच्या घरी आली आणि म्हणाली, गुरुजी, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही वक्ते नाही, लेखक नाही. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, एवढीच आमची कमाई. तर म्हणाले, मग चित्राबद्दलच बोला. विहाराच्या रंगकामाचा विषय समितीपुढे आहेच.

म्हणून आज एका फार लांबच्या लोकांच्या चित्राची गोष्ट सांगणार आहोत. ती ऐकताना कुणाला वाटेल, गुरुजी जळगावच्या विहारात बसून अमेरिकेच्या गप्पा का मारताहेत? पण थोडा धीर धरा. ती गोष्ट फिरून आपल्याच भिंतीपाशी येते. आमची स्वतःची एक चूकही तिच्यात आहे. तीही सांगू.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांच्या हद्दीत नावाहो नावाचे आदिवासी राहतात. ते स्वतःला म्हणतात 'दिने', म्हणजे माणसं. त्यांचा राखीव प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा. आपले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले, म्हणजे आख्खा खानदेश, तर तो साधारण २५ हजार भरतो. म्हणजे जवळजवळ तीन खानदेश मावतील एवढा मुलूख. पण पाणी कमी, लाल खडक, रेताड जमीन, मेंढ्या आणि मका.

हा मुलूखही त्यांच्याकडे सुखानं राहिला नाही. १८६३-६४ मध्ये अमेरिकन लष्करानं त्यांची मक्याची शेतं जाळली, पीचच्या फळबागा तोडल्या आणि आठ हजारांहून जास्त लोकांना शेकडो मैल पायी चालवत एका छावणीत नेऊन कोंडलं. वाटेत आणि छावणीत पुष्कळ माणसं मेली. १८६८ साली तह झाला, तेव्हा उरलेले लोक पुन्हा आपल्या डोंगरांकडे परत आले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या नावाहो लोकांत एक चित्र असतं. ते कागदावर नसतं, कापडावर नसतं, भिंतीवरही नसतं. ते जमिनीवर असतं आणि वाळूचं असतं. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं मन थाऱ्यावर नसलं, की त्यांचा जाणता माणूस येतो. त्याला ते 'हताली' म्हणतात, म्हणजे गाणारा. तो आणि त्याचे मदतनीस घरातल्या जमिनीवर आधी स्वच्छ वाळू पसरतात. मग रंगीत खडक कुटून केलेली पूड, कोळसा, पांढरा जिप्सम, पिवळी माती, तांबडी माती असं चिमटीत धरून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून बारीक धार सोडत चित्र काढतात. आता तुम्हीच सांगा, ही चिमूट आपल्या आयाबहिणींना अनोळखी आहे का? अंगणात रांगोळी घालणारी प्रत्येक बाई हेच करते.

त्या चित्राला नियम असतात. पूर्वेला पांढरा, दक्षिणेला निळा, पश्चिमेला पिवळा, उत्तरेला काळा. त्यांच्या देशाच्या चार बाजूंना चार डोंगर, त्या डोंगरांचे हे चार रंग. मधे मका, घेवडा, भोपळा आणि तंबाखू ही चार झाडं. बऱ्याच चित्रांच्या भोवती तीन बाजूंनी इंद्रधनुष्य राखण करतं आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवतात. हे सगळं हतालीच्या डोक्यात असतं. एक रेघ चुकली तर चालत नाही. शिष्य वर्षानुवर्षं शेजारी बसून ते शिकतो.

चित्र पुरं झालं की आजारी माणसाला त्या चित्रावर बसवतात. होय, चित्रावर! आपण शाळेत पोरांना ओरडतो, अरे, ओल्या चित्रावर हात ठेवू नको. इथं माणूसच चित्रावर बसतो. हताली गातो, चित्रातली वाळू घेऊन त्याच्या अंगाला लावतो. आणि विधी संपला की ते चित्र पुसून टाकतात, वाळू गोळा करून बाहेर नेऊन टाकतात. सकाळपासून खपून केलेलं चित्र त्याच दिवशी नाहीसं होतं.

आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. वाळूनं रोग बरा होतो असं आपण मानत नाही, आणि मानू नये. ताप आला तर सिव्हिल हॉस्पिटलात जावं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांचे काही विधी नऊ-नऊ रात्री चालतात. सगळे नातेवाईक जमतात. आजारी माणूस त्या काळात एकटा पडत नाही. औषधाचं काम औषध करतं, पण माणसाला माणसांत बसवण्याचं काम वेगळंच असतं. आपणही आजाऱ्याच्या घरी परित्राणपाठासाठी जमतो, तेव्हा त्यात हा भाग असतोच.

आता गोष्टीतला चित्रकार. त्याचं नाव जॅक्सन पोलॉक. १९१२ साली जन्मलेला, अमेरिकेतला गोरा चित्रकार. त्याचं बरंचसं बालपण अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया भागात गेलं. १९४१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात अमेरिकेतल्या आदिवासींच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं नावाहो चित्रकारांनी लोकांसमोर वाळूचं चित्र करून दाखवलं. पोलॉकला या कलेची ओढ होतीच. पुढे १९४७ च्या सुमारास त्यानं कॅनव्हास घोडीवरून खाली उतरवला, कोठारातल्या जमिनीवर पसरला, चारही बाजूंनी त्याच्याभोवती फिरत वरून रंगाची धार सोडायला सुरुवात केली. त्यानं लिहूनही ठेवलं की जमिनीवर काम करताना आपण चित्राच्या जवळ, जणू चित्राच्या आत असतो, आणि ही रीत पश्चिमेकडच्या वाळूचित्रकारांच्या रीतीसारखी आहे. त्या चित्रांनी तो जगप्रसिद्ध झाला. १९५६ साली मोटार अपघातात गेला.

पोलॉकनं नावाहोंचे देव, त्यांचा मका, त्यांचं इंद्रधनुष्य उचललं नाही. त्यानं बसण्या-फिरण्याची रीत घेतली, हाताची धार घेतली, आणि कुठून घेतली तेही सांगितलं. आम्हाला वाटतं, दुसऱ्याकडून घ्यायचं तर असं घ्यावं. पण हेही खरं, की पोलॉकचं नाव जगभर झालं आणि त्या संग्रहालयात जमिनीवर बसून वाळू सोडणाऱ्या माणसांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

उलट टोकाचंही उदाहरण आहे. अमेरिकेत एका मोठ्या कापड दुकानांच्या कंपनीनं कपड्यांवर आणि वस्तूंवर 'नावाहो' हे नाव टाकून माल विकला. त्या लोकांना विचारलं नाही, काही दिलं नाही. २०१२ साली नावाहो सरकारनं कंपनीवर दावा ठोकला आणि २०१६ साली तडजोड झाली. आदिवासींनी न केलेली वस्तू आदिवासींची म्हणून विकणं हा तिकडे १९९० च्या कायद्यानं गुन्हाच आहे.

आता इकडे या. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथले वारली. लग्नघरात कुडाच्या भिंतीला शेण-माती आणि गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठानं सवाष्णी बायका चौक लिहीत. लिहीत म्हणतात बरं का, काढत नाही. चौकात त्यांची पालघट देवी. बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरलेला नाच. लग्न झालं, पावसाळा गेला की चित्र गेलं. पुन्हा नव्या लग्नाला नवं.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार होते. १९६६ च्या सुमारास बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना मिथिलेत पाठवलं होतं, तिथल्या बायकांना भिंतीऐवजी कागदावर चित्रं काढायला द्यावीत, चार पैसे मिळावेत म्हणून. पुढे सत्तरीच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर गेले. तिथं त्यांना जिव्या सोमा म्हसे हा माणूस भेटला. जिव्या १९३४ सालचा. लहानपणी आई गेली, तेव्हा त्याचं बोलणंच बंद झालं होतं म्हणतात. मातीत रेघा ओढून तो मनातलं सांगायचा. खरं तर भिंतीवर लिहिणं हे बायकांचं काम. पण या पुरुषानं ते हातात घेतलं, लग्न नसतानाही रोज काढू लागला. मासे धरण्याचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, रेल्वेगाडी, सगळं. १९७६ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडकडचा हा म्हातारा गेला. त्याची मुलंही चित्रं काढतात.

आणि आपल्या अगदी उत्तरेच्या शेजारी, झाबुआ भागात भुरीबाई नावाची भिल्ल बाई. भोपाळला भारत भवनाचं बांधकाम चाललं होतं तेव्हा ती तिथं मजुरीला होती, डोक्यावर पाट्या वाहत होती. जे. स्वामिनाथन या चित्रकारांनी तिला कागद आणि रंग दिले, म्हणाले, तुमच्या घरी काढता ते काढ. भिल्लांत पिठोऱ्याचा घोडा पुरुषांनीच काढायचा, बाईनं नाही. म्हणून तिनं तो सोडून बाकीचं काढलं, झाडं, मोर, जनावरं, आपलं घर. २०२१ साली तिलाही पद्मश्री मिळाली. वारल्यांत बायकांचं काम पुरुषानं हाती घेतलं, भिल्लांत पुरुषांच्या रंगाला बाईनं हात घातला. दोघांनाही कुणीतरी एक कोरा कागद पुढे केला होता.

आता जगातली एक खोली डोळ्यांपुढे आणा. १९८९ साली मे ते ऑगस्ट या महिन्यांत पॅरिसमध्ये एक प्रदर्शन भरलं. भरवणाऱ्याचं नाव झाँ-ह्युबेर मार्तँ. त्यानं ठरवलं, निम्मे कलावंत युरोप-अमेरिकेचे आणि निम्मे बाकीच्या जगाचे, सगळे एकाच रांगेत. त्या प्रदर्शनात आपला जिव्या सोमा म्हसे होता. त्याच प्रदर्शनात जो बेन नावाचा तरुण नावाहो वाळूचित्रकार होता. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी होते, त्यांनी जमिनीवर मातीचं चित्र केलं. आणि नेपाळहून आलेले तिबेटी परंपरेचे भिक्खू होते. त्यांनी रंगीत वाळूचं मंडल केलं. मंडल आपल्या विहारात नसतं, ते वज्रयान परंपरेतलं. पण तेही कित्येक दिवस खपून कणाकणानं रचतात आणि विधी झाला की झाडून गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात. सगळं अनित्य आहे, हे डोळ्यांनी पाहायचं.

विचार करा मंडळी. डहाणूचा वारली, अमेरिकेचा नावाहो आणि बुद्धाचे भिक्खू एकाच प्रदर्शनात. तिघांचीही मुळं जमिनीवरच्या आणि भिंतीवरच्या पुसून जाणाऱ्या चित्रात.

इथं काही उत्साही लोक लगेच म्हणतात, बघा, नावाहो हे मूळचे आपलेच, बौद्धच होते, म्हणून वाळूचं चित्र काढतात. तरुणांनी असल्या भाकडकथांना भुलू नये. त्याला पुरावा नाही. जमीन सगळीकडे आहे, माती सगळीकडे आहे आणि माणसाला दोन बोटं सगळीकडे आहेत. तेवढं कारण पुरतं. साधं स्वस्तिक घ्या. नावाहोंच्या चित्रात आणि गालिच्यांत तसं एक चिन्ह होतं, पाण्यात फिरणाऱ्या ओंडक्यांचं. आपल्या लेण्यांतही स्वस्तिक आहे. पण हिटलरच्या लोकांनी त्या चिन्हाखाली अत्याचार सुरू केले, तेव्हा १९४० साली नावाहोंसह चार जमातींच्या लोकांनी जाहीर केलं की हे चिन्ह आम्ही यापुढे आमच्या विणकामात आणि कलाकुसरीत काढणार नाही. आपलं पूर्वापार चिन्ह, तरी सोडलं, स्वतः विचार करून सोडलं. हे आम्हाला फार मोठं वाटतं.

सोडण्यावरून आता आमच्या घरची गोष्ट.

आमचं गाव साक्री तालुक्यातलं. आमची माय निरक्षर होती, पण हात विलक्षण. नागपंचमीला भिंतीवर गेरूनं नाग, दिवाळीला ओट्यावर पांढऱ्या मातीची वेलबुट्टी. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. नंतर आमच्याही वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव गेले, आणि गेले ते बरंच झालं. मायनं त्या वर्षी भिंत कोरीच ठेवली. आम्ही भावंडांनी विचारलं, माय, यंदा भिंत नाही का? ती म्हणाली, "देव गयात, आते भित कसाले?"

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग वस्तीत लोकांनी वर्गणी काढून, स्वतः माती तुडवून छोटंसं विहार बांधलं. वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रात्री माय एकटी तिथं गेली. सोबत गेरू, चुना, कपड्याची नीळ आणि काजळी. सकाळी लोक वंदनेला आले, तर मागच्या भिंतीवर बोधिवृक्ष उभा! बुंधा गेरूचा, फांद्या काजळीच्या. पानं कशी काढली होती माहीत आहे? अंगठा रंगात बुडवून भिंतीवर टेकवला, एक पान. पुन्हा टेकवला, दुसरं पान.

पुढच्या वर्षापासून रीतच पडली. त्या वर्षी वस्तीत ज्यांच्या घरी मूल झालं, त्यांनी वैशाख पौर्णिमेला मूल घेऊन यायचं. माय त्याचा चिमुकला अंगठा रंगात बुडवून झाडावर टेकवायची. झाड दर वर्षी वाढत गेलं. कुणाचं पान कुठलं, हे मायला तोंडपाठ. आमच्या धाकट्या बहिणीचं पान खालच्या डाव्या फांदीवर होतं.

आता चूक. आम्ही शिकलो, चित्रकलेचा डिप्लोमा केला, धुळ्याला मास्तर झालो. १९८६ साली वस्तीनं विहाराची डागडुजी काढली. लोक म्हणाले, तुम्ही चित्रकलेचे मास्तर, तुम्हीच सांगा, कसं करायचं. आम्ही भिंत पाहिली. पोपडे सुटले होते. झाडाचं प्रमाण चुकलेलं, बुंधा बारीक, पानं बोटाच्या ठशांची. आमच्या डोळ्यांवर परीक्षेचा चष्मा होता. शहरातली मंडळी उद्घाटनाला येणार, त्यांना हे खेडवळ दिसेल अशी आम्हाला लाज वाटली. आम्ही सांगितलं, गिलावा करा आणि पांढरा डिस्टेंपर मारा, स्वच्छ दिसेल. धुळ्याहून एक छापील फोटो आणून फ्रेम करून लावला.

उद्घाटनाला माय आली. वंदना केली. भिंतीकडे पाहिलं. काही बोलली नाही. एवढंच की निघताना तिनं त्या डाव्या कोपऱ्यावर, खाली, हात ठेवला आणि काढून घेतला. तिच्या तळव्याला पांढरा रंग लागला. आम्ही म्हटलं, अजून सुकला नाही. तरी ती काही बोलली नाही. पुढे ती कधी भिंतीवर चित्र काढायला बसली नाही.

आता या वयात आमच्या मुलीनं नावाहो चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. ते चाळताना आमची झोप उडाली. मनात आधी एक पळवाट आली. म्हटलं, हे लोकही चित्र पुसतातच की. मंडल पुसतात, रांगोळी पुसतात. मग मायचं झाड पुसलं तर काय बिघडलं? सब्बे संखारा अनिच्चा. भगवंतांनीच सांगितलंय.

पण ही पळवाट टिकत नाही. हताली आपलं चित्र पुसतो, ते त्याचं काम झालं म्हणून. ज्यानं काढलं त्याच्याच माणसांनी, विधिपूर्वक, हातानं. आणि पुसल्यावरही ते त्याच्या डोक्यात असतं, शेजारी बसलेल्या शिष्याच्या डोक्यात असतं. उद्या पुन्हा निघेल. आम्ही मायचं झाड पुसलं ते लाजेपोटी. तिला विचारलं नाही. तिच्याजवळ बसून कुणी शिकलेलं नव्हतं. ते पुन्हा निघालं नाही. अनित्यता हा निसर्गाचा नियम आहे, आपल्या बेपर्वाईचं नाव नाही. आगीत, पुरात गेलेलं अनित्य. आपण चुना फासून घालवलेलं, त्याला दुसरा शब्द शोधावा लागेल.

नावाहोंमध्येही यावरून पेच पडला होता. होस्टीन क्ला नावाचा एक मोठा हताली होता, १९३७ साली वारला. त्याला दिसत होतं की पोरं बोर्डिंग शाळांत चाललीत, विधी शिकणारे कमी होताहेत, आपण मेलो की सगळं जाणार. त्यानं वाळूचित्रांतल्या आकृती लोकरीच्या मोठ्या गालिच्यांत विणायला सुरुवात केली. लोक चिडले. पुसायचं ते टिकवतोस? अशुभ होईल. तरी तो विणत राहिला, आणि सांता फे गावात त्या वस्तू जपण्यासाठी संग्रहालय उभं करायला मदत केली. नंतरच्या काळात काहींनी वाळू डिंकानं फळीवर चिकटवून विकायची चित्रं केली. पण त्यात ते मुद्दाम एखादा रंग बदलतात, एखादी आकृती गाळतात. विधीचं ते विधीला, भिंतीवर टांगायचं ते वेगळं. म्हणजे विधी वेगळा आणि हाताचं कसब वेगळं, हे त्यांनाही शोधून काढावं लागलं.

आपल्यापुढे हाच प्रश्न होता आणि अजून आहे. देव सोडले, ते योग्य केलं. पण देवाबरोबर मायच्या हातातला गेरू का सोडायचा? गेरू कुठल्या देवाचा आहे? तो डोंगरातला आहे. तुमच्या जळगावहून साठ किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या चित्रांत हाच गेरू, हीच पिवळी माती, हाच चुना, हीच काजळी. भाताचं तूस घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर. फक्त निळा तेवढा लांबून आणलेला दगड कुटून केलेला. मायला अजिंठा ठाऊक नव्हता, पण तिच्या वाटीतले रंग अजिंठ्याचेच होते. नीळ मात्र किराणा दुकानातली!

अजिंठ्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांची मात्र आपल्याला माहीत नाहीत. पण चाळीसगावच्या बाजूला, डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथं एक हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर अक्षरं आहेत, की हा कण्हदास सोनारानं केला. दागिने घडवणाऱ्या एका कारागिरानं बौद्ध लेण्यातल्या मूर्तीच्या हातावर आपलं नाव ठेवलं, आणि संघानं ठेवू दिलं. खानदेशच्या उंबऱ्यावर हे घडलंय. मग आपण आपल्या कारागिरांची नावं का ठेवू नये?

शाळेत गॅदरिंगला पोरी मडक्यांवर वारली चित्रं काढायच्या. आम्ही विचारायचो, हे कुणाचं चित्र? म्हणायच्या, सर, डेकोरेशनचं. निवृत्त होईपर्यंत आम्हीही पुढे काही सांगितलं नाही. आता सांगतो. वारली काढा, जरूर काढा, पण वारली कोण, जिव्या म्हसे कोण, हे आधी मुलांना सांगा. त्रिकोण उचलणं सोपं आहे. त्यामागचा माणूस ओळखणं अवघड, आणि तेच शिकवण्यासारखं.

आता समितीच्या विषयाकडे येतो. आम्हाला कळलं, की नूतनीकरणात सगळ्या भिंतींना टाइल्स लावायच्या आणि अजिंठ्याचं मोठं फ्लेक्स आणायचं असा विचार आहे. टाइल्स लावा, पुसायला बऱ्या पडतात. फ्लेक्सलाही आमचा विरोध नाही. पण जेष्ठ या नात्यानं, एक चूक करून बसलेला माणूस म्हणून, हात जोडून विनंती आहे. एक भिंत कोरी ठेवा. मागची, बारकी का असेना.

त्या भिंतीवर बोधिवृक्ष काढायला धुळ्या-मुंबईचा पेंटर बोलवू नका. या वस्तीत वैशाख पौर्णिमेला रांगोळी घालणाऱ्या बाया आहेत. आज दारातली रांगोळी आम्ही ओलांडली नाही, बाजूनं आलो. कुणी घातली विचारलं, तर कुणी म्हणालं, "असंच, बायकांनी." असंच नव्हे. त्यांची नावं स्मरणिकेत छापा, वर्गणीदारांच्या यादीच्या आधी छापा. आज संध्याकाळी रांगोळी पुसण्याआधी तिचा फोटो काढा. आणि काढताना शेजारी दोन पोरी, दोन पोरं बसवा, शिकायला. म्हणजे पुसली तरी जाणार नाही.

आमच्या गावच्या विहारात यंदा वैशाख पौर्णिमेला आम्ही गेलो होतो. समितीच्या परवानगीनं मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, आम्ही गेरूची एक फांदी काढली. मायसारखी जमली नाही. हात थरथरतो आणि परीक्षेचं प्रमाण अजून बोटांतून जात नाही. आमची धाकटी बहीण आली होती, आता तिलाही नातवंडं आहेत. तिनं रंगात अंगठा बुडवला आणि टेकवला. मग तिच्या नातवाचा टेकवला. दोन पानं झाली.

झाड मोठं व्हायला वेळ लागेल. तोवर आम्ही असू-नसू. ज्यांच्या हाती चिमूट आहे त्यांनी ते वाढवावं.